स्पीकरखाली काय ठेवावं? आधी उशी, मग खरेदी

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉल १० बाय १५ फुटांचा. साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालच्या सुरांचा मोठा पडदा), प्रत्येकी ७ किलोचे बुकशेल्फ स्पीकर सुताराकडून करून घेतलेल्या प्लायच्या टीव्ही युनिटवर ठेवलेत. आवाज जरा वाढवला की युनिट थरथरतं, डग्गा घुमतो, आणि खालच्या काकू एकदा वर येऊन सांगून गेल्यात. दुकानदार स्पीकरखाली लावायचे, कंप अडवणारे आठ-दहा हजारांचे पाय घ्या म्हणतो, मित्र स्पाइक म्हणजे धातूचे टोकदार पाय लावायला सांगतो, ऑनलाइन पाहावं तर वॉशिंग मशीनचे रबरी पॅड चारशेत मिळतात. बजेट २००० रुपये. काय घ्यावं?

दोन हजार पुरतील, त्यातले बरेचसे उरतीलही. पण पाकीट उघडण्याआधी घरातली एक जाड उशी काढा. एक स्पीकर उचलून उशीवर ठेवा, घरातल्या कुणाला तरी तो दोन बोटांनी सांभाळून धरायला सांगा आणि नेहमी त्रास देणारं गाणं नेहमीच्याच आवाजात लावा. मागचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, झाकलं जाणार नाही एवढं बघा. आता तळहात टीव्ही युनिटवर ठेवा. मग स्पीकर पुन्हा नुसत्या फळीवर ठेवून तेच करा. उशीवर स्पीकरची उंची आणि कोन बदलतो, त्यामुळे आवाज गोड झाला की कोरडा, यावर जाऊ नका. हाताला काय लागतं आणि खडखड होते का, एवढंच पाहा.

याचं कारण साधं आहे. बाजारातले बहुतेक पाय उशीपेक्षा कडक असतात, त्यामुळे उशीने जी थरथर जात नाही ती पायांनी जाण्याची आशा जवळपास नाहीच. या पाच मिनिटांत तुमचे दोन हजार किंवा दुकानदाराचे दहा हजार वाचू शकतात.

उशीवर ठेवल्यावर युनिट गप्प झालं, तर कंप स्पीकरच्या खोक्यातून फळीत उतरत होता. पाय लावा, फरक पडेल. युनिट गप्प झालं पण डग्गा तसाच घुमतोय, तर तो खोलीचा दोष आहे. १५ फुटी लांबीत आवाजाची पहिली उभी लाट ३७ हर्ट्झच्या आसपास बसते, दुसरी ७५ ला, आणि १० फुटी रुंदीतली ५६ ला. या सुरांना खोली स्वतःच फुगवते. स्पीकरखाली सोन्याचे पाय लावलेत तरी फुगवणारच. तिथे स्पीकर मागच्या भिंतीपासून थोडा पुढे ओढणं, बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर फूटभर पुढे घेणं, हे उपाय चालतात. तिसरी शक्यता, उशीवरही शोकेसची काच खणखणतेच. म्हणजे ती हवेतल्या आवाजाने हलते आहे. काचेच्या दाराला सिलिकॉनचे छोटे बंपर चिकटवा, युनिटच्या पाठीचा पातळ प्लाय सैल असेल तर चार स्क्रू मारून घ्या. सेट-टॉप बॉक्स, फोटोफ्रेम, ड्रॉवरचं चॅनल, देवघरातली छोटी घंटा, खडखडणारे नमुने ठरलेले असतात. फोनवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत सूर हळूहळू चढवत न्या आणि एकेक वस्तू बोटाने दाबत चला. चोर सापडतो.

तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही दिसतंय, म्हणजे युनिटही वाजतंय आणि खोलीही. प्लायचं पोकळ युनिट म्हणजे तसाही एक मोठा डबाच. तेव्हा पायांकडे वळू.

पाय म्हणजे स्प्रिंग. रबर असो, जेल असो, खरी स्प्रिंग असो, काम एकच. वर वजन, खाली स्प्रिंग, आणि या जोडीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिला की ती सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होते तो आकडा. स्पीकर त्या वारंवारतेच्या जवळपास वाजला तर पाय कंप कमी करत नाही, उलट वाढवतो. तिच्या १.४ पटीच्या वर गेलं की कंप कमी व्हायला लागतो. दुप्पटीला साधारण एक तृतीयांश उरतो, तिप्पटीला एक अष्टमांश. हे कागदावरचं गणित झालं, प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण फळी स्वतःही लवते. तुमचे स्पीकर ५० हर्ट्झच्या आसपासपर्यंत खाली जात असणार. म्हणजे पायांची वारंवारता २० च्या आत हवी, १५ मिळाली तर उत्तम.

ही वारंवारता शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वजन ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबला तेवढं मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. १ मिलिमीटर दबला तर सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबला तर ८, आणि पाव मिलिमीटरच दबला तर ३२. रबराच्या बाबतीत खरा आकडा याहून थोडा चढा येतो, कारण पटापट हलवताना रबर जास्त ताठ वागतं. म्हणून रबरी पाय दीड मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे असं धरून चला.

आता त्या चारशेवाल्या वॉशिंग मशीन पॅडचं बघा. मशीन ६०-७० किलोचं, वर पाणी आणि कपडे. एकेका पॅडवर १६ किलो तरी येतात आणि त्या वजनाला दबण्यासाठीच तो बनवलेला असतो. तुमच्या ७ किलोच्या स्पीकरखाली चार पॅड लावले तर प्रत्येकावर पावणेदोन किलो. मशीनखाली जो दीड मिलिमीटर दबला असता तो इथे जेमतेम ०.१६ दबेल. गणित करा, ३९ हर्ट्झ येतात, आणि रबराचा ताठपणा धरला तर ४५-५०. म्हणजे तुमचा वूफर जिथे सगळ्यात जास्त मेहनत करतो, नेमकी तिथेच थरथर वाढवायची सोय. एसीच्या बाहेरच्या युनिटखालचे रबरी ठोकळे आणि जनरेटरचे माउंट यांचीही तीच गत. वस्तू वाईट नाहीत, पण त्या दुसऱ्याच वजनासाठी आहेत. दिसायला दणकट, हाताला रबरी, म्हणून लोक फसतात. अंगठ्याने दाबून बघा. मध्यम जोर लावूनही जो हलत नाही, तो तुमच्या स्पीकरखाली निव्वळ ठोकळा.

महागड्या कंपन्यासुद्धा वजनावरच पाय विकतात. आयसोअकूस्टिक्सच्या गाया मालिकेत तीन आकार आहेत: गाया ३ हा ३२ किलोपर्यंतच्या स्पीकरसाठी, गाया २ हा ५४ पर्यंत, गाया १ हा १०० पर्यंत. तिन्ही उभ्या, जड स्पीकरसाठी. ७ किलोच्या बुकशेल्फखाली सगळ्यात महागडा गाया १ बसवला तर तो वॉशिंग मशीन पॅडच्याच रांगेत जाऊन बसेल. तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी ‘हा किती किलोसाठी आहे’ ते विचारा. उत्तर आलं नाही तर नमस्कार करून निघा.

तुमच्या बजेटात मी काय करीन ते सांगतो. कडप्पा आणि हवाई चप्पल.

हसू नका. आधी कडप्पा. किचन ओट्याचं काम करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. १० बाय १३ इंचाचे, पाऊण इंच जाडीचे दोन तुकडे कापून मागा, ग्रॅनाइट मिळालं तरी चालेल. धार मारून, कडा घासून घ्या, नाहीतर पुसताना बोटं कापतात. असा एक तुकडा चार किलोच्या आसपास भरतो. तो पाय आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो. म्हणजे पायांवरचं वजन ७ चं ११ किलो होतं, स्पीकर जास्त निश्चल राहतो, पाय व्यवस्थित दबतात आणि पायांना स्पीकरच्या तळापेक्षा थोडं बाहेर पसरायला जागा मिळते. हलका स्पीकर मऊ पायांवर नीट बसवणं अवघड असतं. दगडाने ती अडचण स्वस्तात सुटते. स्पीकर आणि दगड यांच्यामध्ये ब्लू-टॅकच्या (पोस्टर चिकटवायच्या मऊ लगद्याच्या) चण्याएवढ्या चार गोळ्या दाबा, म्हणजे स्पीकर सरकणार नाही. तुमचं युनिट भिंतीला अधांतरी टांगलेलं असेल तर मात्र हे जादा आठ किलो त्याला पेलतील का, हे सुताराला आधी विचारा.

आता चप्पल. पांढरा वरचा थर आणि निळा तळवा असलेली साधी रबरी हवाई चप्पल घ्या. चकचकीत प्लास्टिकची किंवा पीयूची नको. तळवा साधारण १५ मिलिमीटर जाड असतो. त्यातून १५ बाय १५ मिलिमीटरचे चौकोन कापायचे, एका स्पीकरला चार. कटरचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून कापा, रबर पात्याला धरत नाही आणि कड सरळ येते. एका झटक्यात कापायला जाऊ नका. तीन-चार हात फिरवा, पातं उभं ठेवा. तिरका कापलेला तुकडा वजनाखाली एका बाजूला कलतो.

चौकोन एवढे छोटे का, हे समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. लोक मायेने स्पीकरच्या तळाएवढी अख्खी रबरी शीट अंथरतात. तेच रबर, तेवढंच वजन, पण क्षेत्रफळ मोठं झालं की दर चौरस सेंटिमीटरला दाब कमी येतो आणि रबर दबतच नाही. तुकडा लहान केला की तो मऊ वागायला लागतो. म्हणजे ट्यूनिंग तुमच्या हातात आहे, कटरने. आधी २० मिलिमीटरचे कापा, दगड आणि स्पीकर ठेवून किती दबतात ते मोजा, कमी दबले तर १५ चे करा. रुंदी उंचीपेक्षा कमी होऊ देऊ नका, नाहीतर तुकडे डुलायला लागतील.

मोजायला हार्डवेअरच्या दुकानातला प्लास्टिकचा व्हर्नियर पुरतो. आधी नुसत्या तुकड्याची उंची घ्या. मग सगळं वर ठेवा आणि फळी आणि दगड यांच्यातली फट चारही कोपऱ्यांत मोजा. व्हर्नियर नसेल तर त्या फटीत कागदांची गड्डी घालून बघा; ८० जीएसएमचा एक कागद ०.१ मिलिमीटर धरा. हे मोजमाप दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या, रबर पहिल्या रात्रीत अजून थोडं बसतं.

कोपऱ्यांत फरक दिसेलच. वूफरचं चुंबक पुढच्या बाजूला असल्याने बुकशेल्फ स्पीकर सहसा पुढे जड असतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढच्या कडेखाली ठेवा, मागच्या कडेखाली तेवढ्याच उंचीचं पुस्तक, आणि आकडा वाचा. ७ पैकी ४ किलो पुढे आले तर मागचे दोन पाय थोडे आत, पुढच्या बाजूला सरकवा. सगळे सारखे दबेपर्यंत हे करा. स्पीकर नाक खाली करून बसला की ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा पडदा, तुमच्या कानाऐवजी पोटाकडे बघतो.

एक शेवटचा थर राहिला. काळं किंवा रंगीत रबर पॉलिश केलेल्या लाकडावर आणि पांढऱ्या संगमरवरावर डाग सोडतं. प्रत्येक तुकड्याखाली सनमायकाची छोटी चकती ठेवा.

सगळा खर्च पाचशे-सहाशेच्या घरात बसावा. उरलेल्यात हौस करायची असेल तर स्क्वॉशचे बॉल बघा. हा बॉल ४० मिलिमीटरचा, आतून पोकळ, आणि नियमाप्रमाणे त्याचा ताठपणा ठरलेला असतो: साधारण ३ न्यूटनला १ मिलिमीटर. ११ किलोखाली चार बॉल म्हणजे प्रत्येकावर २७ न्यूटन, म्हणजे ८ मिलिमीटरच्या पुढे दबणार, म्हणजे साडेपाच हर्ट्झ. चप्पल याच्या जवळपासही येत नाही. बॉल घरंगळू नये म्हणून एक इंची पीव्हीसी पाइपच्या ७ मिलिमीटर उंचीच्या कड्या कापून त्यात बसवा. पण दोन गोष्टी पत्करा. स्पीकर धक्का लागला की डुलतो, आणि आपल्या उन्हाळ्यात वर्ष-दोन वर्षांत बॉल बसतात, बदलावे लागतात. घरात लहान मूल असेल तर बॉलच्या नादी लागू नका.

ऑनलाइन मिळणारे स्प्रिंगचे पाय, म्हणजे डबीत पाच-सात छोट्या स्प्रिंगा आणि वजनाप्रमाणे त्या काढा-घाला, हे खरंच चांगलं काम करतात. फक्त स्प्रिंगा एवढ्याच ठेवा की डबी साधारण निम्मी दबेल. तळाला टेकली तर ती स्प्रिंग राहिली नाही, आणि हललीच नाही तर ठोकळा. सॉर्बोथेन या रबरासारख्या मऊ पदार्थाचे अर्धगोल हे जुनं, भरवशाचं साहित्य, कंप जिरवतं छान. पण आयात केलेलं असल्याने महाग पडतं. घ्यायचंच असेल तर पॅकेटवर लिहिलेली किलोची मर्यादा आणि ड्युरोमीटर, म्हणजे कडकपणाचा आकडा, बघून घ्या. ३०, ५०, ७० असे आकडे असतात, लहान आकडा मऊ. त्याचे तेलकट डाग लाकडावर बसतात, खाली चकती इथेही हवी.

मऊ पायांनी आवाज ‘ढिला’ होतो असं तुमचा मित्र म्हणेल. हिशोब करू. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग १५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि खोका ७ किलोचा. वूफरचा पडदा ५ मिलिमीटर पुढे गेला तर मोकळा सोडलेला खोका मागे जाणार ०.०१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्याही बऱ्याच आत. खाली चार किलोचा दगड असला तर अजून कमी. यात ढिलं होण्यासारखं काही नाही.

स्पाइकबद्दलही तेच. स्पाइक कंप अडवत नाही, तो स्पीकरला खालच्या पृष्ठभागाशी घट्ट जोडतो. जाड गालिच्यावर उभा स्पीकर डुलू नये म्हणून त्याचा शोध ठीक आहे. कंप स्पाइकमधून फक्त खालीच जातो, वर येत नाही, हे जे सांगितलं जातं ते विसरा. धातूच्या टोकाला असा एकेरी रस्ता नसतो. तुमच्या युनिटवर स्पाइक लावलेत तर सनमायकाला चार भोकं आणि थरथर आहे तेवढीच. व्हिट्रिफाइड फरशीवर लावायचेच झाले तर खाली नाणी ठेवा.

आता खालच्या काकू. तुमचा ५ इंची आरसीसी स्लॅब घेतला तर एवढ्या हॉलचं नुसतं काँक्रीटच चार टनांच्या वर जातं. ७ किलोचे स्पीकर त्याला थेट हलवू शकत नाहीत. काकूंना जो धबधब ऐकू येतो तो बहुतांशी हवेतून जाणारा बास आहे. खिडकीतून, जिन्यातून, स्लॅबला हवेनेच थरकवून. पायांनी तो फारसा कमी होणार नाही. ॲम्प्लिफायरवरचं बासचं बटण थोडं खाली आणि रात्री दहानंतर हेडफोन, याला पर्याय नाही. म्हणूनच टाइलच्या जमिनीवर जड लोखंडी स्टँड ठेवले असतील तर पायांवर खर्च करू नका, असंच मी सांगतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांची किंवा गिरगावातल्या चाळींची लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर गोष्ट निराळी. तिथे जमीनच युनिटसारखी वाजते आणि पाय उपयोगी पडतात. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) तिथे जमिनीवरच्या टेबलावर ठेवूच नका. टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीची, स्वतःची वारंवारता ८ ते १२ हर्ट्झमध्ये असते आणि माणूस चालला की सुई उडते. भिंतीत ठोकलेली फळी बरी.

काम झालं की नाही हे कानापेक्षा फोन जास्त प्रामाणिकपणे सांगेल. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं. त्यात फोनच्या सेन्सरने कंप मोजता येतो. फोन फळीवर ठेवा, ६० हर्ट्झचा सूर एका ठरावीक आवाजात लावा, पाय लावण्याआधी आणि नंतर आकडा बघा. १०० हर्ट्झच्या वर फोनच्या सेन्सरवर फार भरवसा ठेवू नका. आकडा निम्म्याखाली आला तर पाय बसले असं समजा. आला नाही तर तुकडे पुन्हा मोजा, बहुधा पुरेसे दबलेले नसतील.

पुढेमागे सबवूफर घेणार असाल तर मात्र चप्पल पुरणार नाही. तो २५-३० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे पायांची वारंवारता १० च्या आत हवी. १५ किलोचा सबवूफर असेल तर १६ बाय १६ इंचाचा कडप्पा आणि खाली आठ स्क्वॉश बॉल, किंवा सरळ स्प्रिंगचे पाय. आणि घेण्याआधी काकूंशी बोलून ठेवा.